आणि तू काय करतोस?

“मुंगे, माझी वाळू कुठपर्यंत आली गं?” दारात एका पायावर तोल सावरत, बूट चढवता चढवता दादानं विचारलं, आणि हा कुठल्या वाळूबद्दल बोलतोय हेच तिला क्षणभर कळेना. कळलं तेव्हा हातातले कप एकमेकांवर वाजले. “कमरेपर्यंत,” ती म्हणाली. तोंडाला आलं ते. “मग अजून वेळ आहे,” दादा म्हणाला, हसला आणि जिना उतरून गेला. त्याला घाई होती. शेजारच्या काकू आईजवळ बसायच्या, पण उजेड कमी व्हायला लागला की त्यांचं चित्त त्यांच्या स्वतःच्या घराकडे लागायचं. जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाली तरी ती कप घेऊन तशीच उभी. आतल्या खोलीत तिचा नवरा, तिची डेंटिस्ट मैत्रीण आणि मास्तर अजून तावातावानं बोलत होते. आज काय भारी डाव झाला, तो शेवटचा पूल, ते कंदील, वा! ते तिचंच कौतुक चाललं होतं. आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापत चालल्या होत्या, शाळेत सगळ्या वर्गासमोर उभं केल्यावर तापायच्या तशा. अख्खी दुपार तिला दादाची आठवणच राहिली नव्हती. तो समोर बसला होता. तो दोनदा उठून सगळ्यांसाठी चहा करून आला होता. तरी नव्हती.

हा खेळ तिनंच सुरू केलेला. टेबलाभोवती बसायचं, एकानं जग उभं करायचं, भुयारं, ओसाड किल्ले, बोलणारे दगड, आणि बाकीच्यांनी एकेक सोंग घेऊन त्यात शिरायचं. कुणी काय करायचं ठरवलं की फासे टाकायचे, आणि जग उभं करणाऱ्यानं सांगायचं की पुढे काय झालं. जग तिचं. नवरा तलवारबहाद्दर, डेंटिस्ट कुलपं उघडणारी चोरटी, आणि शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारे मास्तर अर्थातच जादूगार. दादा सगळ्यांत शेवटी आला. तिनंच बोलावलं होतं. त्यालाही जरा बदल हवा हो, असं ती बाकीच्यांना म्हणाली होती, आणि म्हणताना आपल्याच चांगुलपणाची गोडसर चव तिच्या जिभेवर आली होती. “काय उरलंय?” दादानं विचारलं. उरला होता म्हातारा वैद्य. खांद्याला मुळ्यांची झोळी, हातात काठी, काम म्हणजे इतरांच्या जखमा बांधणं. “चालेल की,” दादा म्हणाला. फासे तो कधी फेकायचा नाही. टेबलावर कुणी झोपलेलं असावं तसे अलगद सोडायचा.

आणि ती खोली! किती दिवस ती त्या खोलीच्या मागे लागली होती. नोकरी तिची नकाशे काढण्याची; इस्पितळं, शाळा, मोठमोठ्या कचेऱ्या, त्यांत आग लागली तर माणसांनी कुठून कुठे पळायचं, ते बाण. हिरवे बाण, आणि लाल ठिपका, ‘तुम्ही इथे आहात’. दिवसभर लोकांना बाहेर काढायचं आणि जेवणाच्या सुट्टीत, डबा एका हातानं खात, कुणालाही बाहेर पडता येणार नाही अशी खोली रचायची, यात तिला एक चोरटी मजा वाटायची. खोली आठ कोनांची. मधोमध एक सैल फरशी. फरशीवर कुणी उभं राहिलं की समोरचं दगडी दार वर जातं. पाय काढला की खाली. म्हणजे एकानं उभं राहायचं आणि बाकीच्यांनी जायचं, इतकं सरळ. पण उभं राहिलं की भिंतींतल्या फटी उघडतात आणि वाळू पडायला लागते, बारीक, कोरडी, न थांबणारी. हा सापळा. आणि सुटका अशी की फरशीच्या वर साखळीला टांगलेला एक तांब्याचा हंडा आहे, आणि भिंतीत सिंहाचं तोंड आहे, त्यात मातीचा बोळा. बोळा काढला की पाणी येतं, हंडा भरतो, जड होऊन खाली येतो आणि फरशीवर बसतो. माणसाचं काम हंडा करतो. सगळे बाहेर. फक्त वेळ लागतो. हंडा भरेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं, एवढीच काय ती अट. सिंहाच्या तोंडाखाली भिंतीला ओल आलीय, हे ती वर्णनात सहज सांगून टाकणार होती. ती ओल सुचली त्या दिवशी ती कचेरीतून घरापर्यंत चालत आली होती, इतका आनंद झाला होता.

घडलं ते असं. चौघे आत शिरले. तिनं फरशी सांगितली, हंडा सांगितला, ओल सांगितली. दादानं वैद्याला फरशीवर उभं केलं. दार वर गेलं. वाळू सुरू झाली. तिनं टेबलाखाली हात एकमेकांत गुंतवले. आता शोधतील, आता डेंटिस्ट भिंती चाचपेल, आता मास्तर वजनाचा हिशेब मांडतील. आणि दादा म्हणाला, “मी थांबतो. तुम्ही जा.” त्यावर एक निमिषसुद्धा गेलं नाही. “चला, दादा आहेत,” नवरा म्हणाला. डेंटिस्टनं वैद्याला हवेतल्या हवेत एक मुका दिला. मास्तर तर तोवर दारातून पार पलीकडे. इतकी सुंदर ओल, आणि तिच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही, कारण गरजच पडली नाही. गरज भागवायला दादा होता. ती काहीतरी विचारणार होती. निदान ‘नक्की?’ एवढं तरी. पण पलीकडच्या दालनावर तिनं खूप मेहनत घेतली होती, पूल होता, कंदील होते, आणि तिच्या तोंडून निघालं, “दार तुमच्या मागे धाडकन खाली येतं.” फरशीवर वैद्य अजून उभाच आहे, म्हणजे दार वरच राहायला हवं, हे तिच्या लक्षातही आलं नाही. मग ती रंगात आली. तिचं काम टेबलाभोवती फिरत प्रत्येकाला विचारण्याचं, आणि तू काय करतेस, आणि मास्तर तुम्ही, आणि तू काय करतोस. तिघांना विचारत राहिली. चौथा उठून स्वयंपाकघरात गेला, कप शोधले, साखर कुठे असते ते त्याला ठाऊक होतंच.

तो आठवडा तिनं कसा काढला ते तिचं तिला. कचेरीत एका बालवाडीचा नकाशा समोर होता. छोट्या खोल्या, छोटे दरवाजे, आणि बाण काढताना तिचा हात प्रत्येक खोलीत अडखळायचा. सगळे बाहेर गेल्यावर या खोलीत कोण? नियम असा की शेवटी एका मोठ्या माणसानं मागे राहून सगळीकडे नजर टाकायची. त्या माणसासाठी नकाशात खूण नसते. इतकी वर्षं काढतेय आणि हे कधी खटकलं नव्हतं. लाज ही गोष्ट तिला वाटायची तशी नव्हती. ती एकदा येऊन जात नाही. दात घासताना येते, लिफ्टमध्ये आरशासमोर येते, कुणी सहज ‘भाऊ कसा आहे?’ विचारलं की जिन्यात पायरी चुकल्यासारखं होतं. आणि तिच्यामागून दुसऱ्या लाजा येतात, जुन्या, आपण नीट घडी घालून ठेवलेल्या. वडील गेल्यानंतरचा तो दिवस. आई कुणा दुसऱ्याच्याच दाराशी उभी राहून आपली किल्ली त्यांच्या कुलपात फिरवत बसली होती, रडकुंडीला येऊन. लोकांनी आणून सोडलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिघं बसले होते, ती, तिचा नवरा, दादा. तिची नवी नोकरी लागलेली, दुसऱ्या शहरात घर बघितलेलं. दादा तेव्हा पोहायला शिकवायचा. मोठ्या तलावावर मुख्य शिक्षक म्हणून त्याला बोलावलं होतं आणि तो हो म्हणणार होता. रुंद खांदे, ओले केस, अंगाला कायम तलावातल्या क्लोरीनचा वास. नळ ठिबकत होता, ती नळाकडे बघत होती. “मी आहे ना इथे,” दादा म्हणाला. “तुम्ही जा.”

ही गोष्ट ती पुढे लोकांना अनेकदा सांगत आली होती. सांगायची पद्धत ठरून गेली होती: आम्ही किती म्हटलं हो, पण दादाच ऐकेना, मी तर पुन्हा पुन्हा विचारलं, नक्की का रे, नक्की का. आता त्या आठवड्यात, बालवाडीच्या नकाशावर हात ठेवून, ती आपलं ते ‘नक्की का’ शोधायला लागली. टेबल सापडलं, त्यावरचा चरा सापडला, नळ सापडला, दादाचे ओले केस सापडले. ‘नक्की का’ सापडेना. सापडलं ते भलतंच. ती म्हणाली होती, “मग मी बॅग भरायला घेते.” एवढंच. आणि उठली होती. खुर्ची मागे सरकल्याचा आवाजसुद्धा आला होता. समोरच्या टेबलावरची मुलगी विचारत होती, बरं नाही का, आणि ती म्हणाली, डोळ्यांत काहीतरी गेलंय. मग दादानं तलाव सोडला. घरी बसून करण्याजोगं काम धरलं, यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका मराठीत करून द्यायचं. झाकण उघडण्यापूर्वी बटण बंद करा, असलं. काही वर्षांनी ती याच शहरात परत आली, तेव्हाही आई त्याच्याकडेच राहिली. त्याच्या अंगाचा तो वास हळूहळू गेला. तेही तिच्या लक्षात आलं होतं आणि तिला वाटलं होतं, बरं झालं, नाक चुरचुरायचं.

याहून खोल एक गोष्ट होती आणि ती शुक्रवारी वर आली, बसमध्ये, उभ्यानं, एक हात वरच्या दांड्याला. खोली रचताना तिनं ती मनातल्या मनात कितीदा चालवून बघितली होती. वाळू किती वेगानं, दार किती वर, दिवा कुठे. आणि दरवेळी फरशीवर कुणीतरी उभं असायचंच, त्याशिवाय खोली चालणार कशी? कोण उभं असायचं? ती आठवायला लागली. नवरा कधी उभा राहिला होता का त्या फरशीवर? मास्तर? एकदाही नाही. दरवेळी तीच किंचित पुढे झुकलेली मान, तीच काठी. तिला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की कोण थांबणार. तेवढ्याच भरवशावर खोली उभी होती. हंडा, सिंह, ओल, हे सगळं तिनं मागून बसवलं होतं, म्हणजे उद्या कुणी म्हणालंच तर दाखवता यावं, बघा, वाट होती, तुम्हीच शोधली नाही. बस वळली आणि ती शेजारच्या माणसाच्या अंगावर गेली. “सॉरी,” ती म्हणाली, जरा जास्तच मोठ्यानं, आणि त्यानं चमकून पाहिलं.

नवऱ्याला तिनं सांगून बघितलं. तो वाईट नव्हता, ऐकून घेतलं त्यानं. “अगं खेळ आहे तो,” तो म्हणाला. “या रविवारी सोडव वैद्याला. वरनं दोर टाक. नाहीतर एखादा उंदीर पाठव बीळ पाडायला. दादा काही मनाला लावून घेणारा माणूस नाही.” ते शेवटचं वाक्य तीही इतकी वर्षं म्हणत होती. नवऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते एखाद्या खुर्चीबद्दल बोलल्यासारखं वाटलं. मजबूत आहे, कुणीही बसा.

तरी तिनं सुटका रचलीच. पलीकडच्या दालनातून एक बोगदा काढला, वळून परत त्याच खोलीपाशी येणारा. मागून हाक येईल, ते परत फिरतील, सिंहाचं तोंड उघडतील. दादाच्या समोर. हे दादाच्या समोर व्हायला हवं होतं. आणि रविवारी दुपारी दादाचा फोन आला. “काकूंना ताप भरलाय गं, आज जमायचं नाही. तुम्ही करा सुरू.” तिनं आत येऊन सांगितलं. “हात्तिच्या,” डेंटिस्ट म्हणाली, “वैद्य नाहीतरी गेल्या खेपेपासून वाळूतच आहे, राहू दे आणखी एक रविवार!” सगळे हसले. हसण्यात एक आवाज सगळ्यांत मोठा होता आणि तो आपला आहे हे तिला हसू संपता संपता कळलं.

तिनं डाव सुरू केला. “तुम्ही पूल ओलांडता. डाव्या हाताला बोगदा आहे. आतून कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटतं. ओळखीचा आवाज.” ती थांबली. “आणि तुम्ही काय करता?”

“सापळा आहे,” मास्तर लगेच म्हणाले. “ओळखीचा आवाज म्हणजे सापळाच. कान बंद करा.”

“पुढे,” नवरा म्हणाला.

“आवाज वैद्याचा आहे,” ती म्हणाली. इतकं उघड सांगायचं नसतं.

“तेच तर!” डेंटिस्टनं टाळी दिली मास्तरांना. “किती लबाड आहेस गं तू! आम्ही नाही फसायचे.”

त्यांचं काय चुकलं? हाकेवर संशय घ्यायला तिनंच तर त्यांना शिकवलं होतं. फासे टेबलावर पडले होते, कुणीतरी ते तिच्याकडे सरकवले, आणि तिला एकदम त्या टेबलाशी बसणंच अशक्य झालं. ती उठली. खुर्ची मागे सरकली, आवाज झाला. “मी जरा आईकडे जाऊन येते,” ती म्हणाली. “आत्ता? डाव अर्धा टाकून?” नवरा. “चहा घ्या तुम्ही तोवर,” ती पायात चप्पल सरकवत म्हणाली. मागून मास्तरांचा अगदी निष्पाप आवाज आला, “पण मग चहा कोण करणार?”

दादानं दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात नेलकटर होतं. आई खिडकीशी खुर्चीत, पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात. “अगं, आज खेळ ना?” “सोडून आले.” “का?” “तू नव्हतास.” यावर त्यानं तिच्याकडे जरा विचित्र पाहिलं. “मी नसल्यानं काय अडतं?” त्यानं विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होता. मग तो खाली बसला, आईचा एक पाय टॉवेलवर घेतला, पुसला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली. आई त्याच्या डोक्याकडे बघत होती, एखाद्या ओळखीच्या दुकानाची पाटी वाचावी तशी. ती दाराशीच उभी. बसायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि हे घर आपलं असून बसायला कुणीतरी सांगावं अशी आपण वाट बघतोय, याचीही तिला लाज वाटली.

“दादा, त्या खोलीला दुसरी वाट होती.”

“हंडा ना?” तो वर न बघता म्हणाला. “ओल सांगितलीस तेव्हाच कळलं मला. पाण्यात आयुष्य गेलं माझं, मुंगे. चांगली केली होतीस खोली.”

“मग बोलला का नाहीस?”

“वेळ लागला असता. तुम्ही सगळे दाराशी पोचला होतात.” नखाचा तुकडा उडाला, तो त्यानं बोटानं टिपला. मग त्याच आवाजात, “तू विचारलं असतंस तर बोललो असतो. सगळ्यांना विचारत होतीस. मला वाटलं, आता माझ्याकडे येईल. मग वाटलं, चहा टाकावा.”

तो रागावला असता तर काही धरायला मिळालं असतं. तिचं तिलाच कळायच्या आत ती म्हणाली, “आईला मी नेते. माझ्याकडे. कायमची. उद्याच.” बोलताना आवाज चढला, डोळे भरले, आपण काहीतरी मोठं करतोय असं तिला वाटलं आणि त्याच क्षणी ते वाटणं ओळखीचं वाटलं, गोडसर.

दादानं नेलकटर खाली ठेवलं. आता त्यानं पहिल्यांदा नीट वर पाहिलं आणि त्याचा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता इतका कठीण होता. “लाज वाटली म्हणून नेऊ नकोस तिला. लाज ओसरली की परत आणून ठेवशील. तिला दोनदा उपटायची नाही मला.” मग आवाज खाली आणून, “आणि मलाही काही सगळंच नको होतं असं नाही. दादा आहे, असं लोक म्हणतात ना, ते ऐकायला बरं वाटतं. त्याचीही सवय लागते. वाईट सवय आहे.” त्यानं आईचा दुसरा पाय घेतला.

“दे,” ती म्हणाली आणि खाली बसली. आईचा पाय तिच्या मांडीवर आला; हलका, ओला, टाच दगडासारखी. तिला नखं नीट कापता येईनात, भीती वाटत होती. दादा बघत राहिला. “आज मी बसते,” ती म्हणाली. “दर रविवारी बसेन. खेळ नको. तू जा बाहेर.”

“कुठे?”

“कुठेही. तलावावर जा.”

“तलाव केव्हाच बुजवला त्यांनी,” दादा म्हणाला. “तिथे गाड्या लावतात आता.” तिला हे माहीत नव्हतं. तरी तो उठला. शर्ट बदलला. बूट घातले, एक काढून आतला खडा झटकला, परत घातला. आईचं औषध कुठे, रात्रीचा दिवा कुठला, ती हाक मारते तेव्हा लगेच यायचं, मागून यायचं नाही, समोरून यायचं, सगळं सांगितलं, आणि सांगून झाल्यावरही उंबऱ्यात उभा राहिला. मग गेला. खिडकीतून तिला तो खाली फाटकाशी दिसला. उजवीकडे बघितलं त्यानं, डावीकडे बघितलं. खिशात हात घातले, काढले. समोरून कुणी सायकलवाला त्याच्याकडे बघत बघत गेला. इतका रुंद खांद्यांचा माणूस होता तो, आणि आता मागून कुणीही म्हातारा म्हटलं असतं. बराच वेळ गेला. तिला वाटलं परत वर येईल. तिला, खरं सांगायचं तर, यावा असं वाटलं. मग तो डावीकडे वळला आणि हळूहळू, दुकानांच्या पाट्या वाचत, चालू लागला.

पाणी गार झालं होतं. तिनं आईचे पाय पुसले, बोटांच्या मधून सुद्धा, कसं करायचं ते माहीत नसल्यासारखं. आईनं तिच्याकडे पाहिलं, भल्या घरच्या बाईनं पाहुणीकडे पाहावं तसं, हसून.

“तुम्ही कधी निघणार?” आईनं विचारलं.

“निघतेच आता,” ती म्हणाली. जिभेवर ठेवलेलंच असल्यासारखं आलं ते, विचार करायची गरजसुद्धा पडली नाही. इतक्या वर्षांत या खुर्चीशी बसून ती दरवेळी हेच तर म्हणत आली होती. कानांच्या पाळ्या तापल्या. आईचा समाधानी चेहरा, होकारार्थी हललेली मान.

“सावकाश जा हं,” आई म्हणाली. तिनं टॉवेल घडी करून मांडीवर ठेवला आणि तिथेच, जमिनीवर, बसून राहिली.